फेर

नॅकची कमिटी यायची म्हणून
शहापूरच्या आमच्या कॉलेजने भिंत रंगवून घेतली.
कल्याणचा ठेकेदार, पुठ्ठ्याचा साचा, स्प्रेचा डबा.
दोन दिवसांत गेरूवर पांढरी माणसं,
त्रिकोणाला त्रिकोण, टोकावर टोक,
मधोमध तारपकरी.
प्राचार्य म्हणाले, झकास.

मी अकाउंट्स शिकवतो. मला
दोन्ही बाजू जुळल्या की बरं वाटतं.

बारकी खोडका, एस. वाय., तिसरा बाक.
आत्या डोळखांबच्या बाजारात सुपं विकते.
पेपरात हिचा ताळेबंद चाळीस रुपयांनी चुकलेला
आणि समासात लग्नाचा चौक,
बांबूच्या काडीने तांदळाचं पीठ ओढावं
तसा, रिफिल संपत आलेल्या पेनाने.

मधल्या सुट्टीत ती भिंतीपाशी उभी राहिली.
"सर, ह्यांनी फेर बंद केलाय."
मग?
"मग उशिरा आलेल्याने हात कुठे द्यायचा?"

पाहिलं. खरंच, वेटोळं मिटलेलं,
शेपूट डोक्याला शिवलेलं.
मला आपलं ते नीटनेटकं वाटलं होतं.

सोमवारी शिपाई गोविंद वेखंडे सांगत आला,
कुणीतरी नाण्याने खरवडलंय, सर,
शेवटच्या बाईचा एक हात सुटलाय.
नोंदवहीत काय घालायचं?

मी लिहिलं : नुकसान, किरकोळ.
खोडलं.
पेनाचं टोपण चावत बसलो थोडा वेळ.
मग चाळीस रुपये टाकले,
जमेच्या बाजूला.