गभरामण

खाट अकरा. नगीनभाई, पादऱ्याचे.
भाजीच्या टेम्पोवरून पडून पाय मोडलेला.
रात्रीचे तीन. पंख्याचं एक पातं कुरकुरत होतं.
म्हणाले, बेन, गभरामण थाय छे.

मी म्हणाले, घाबरायचं नाही हं, काका,
उद्या प्लास्टर झालं की सुटलात.
उशी सारखी केली. पाणी दिलं.
हात ओला लागला.
वाटलं, मघाशी वीज गेली होती ना.

सोळा वर्षं झाली होती मला बडोद्यात.
सासर दांडिया बाजारात,
भेंडीची घासाघीस गुजरातीत,
वरच्या मजल्याशी पाण्यावरून भांडण, तेही गुजरातीत.
पण रात्री तीन वाजता
माझा कान अमळनेरला झोपायला गेला होता, आईशेजारी.

गभरामण म्हणजे नुसती भीती नाही.
छातीवर कुणी गोणी उतरवून ठेवावी
आणि न्यायला परत येऊ नये.
हवा भोवती भरपूर,
आपल्या वाट्याची तेवढी नाही.
हे मला माहीत होतं.
लिहायला अवघड जातं ते एवढंच वाक्य.
माहीत होतं.

तीन चाळीसला डॉक्टर दुसऱ्याच खाटेसाठी आले
आणि जाता जाता थबकले.
ईसीजीची पट्टी माझ्याच बोटांतून सरकत बाहेर आली.
मग ट्रॉली, लिफ्ट, लिफ्टमनला हाका,
त्यांच्या बायकोच्या हातात राहिलेली एक चप्पल.

नगीनभाई वाचले.
म्हणून कुणी काही विचारलं नाही.
चाळीस मिनिटं रजिस्टरात नीट मावली,
'रुग्णाला धीर दिला',
माझ्याच सुवाच्य अक्षरात.

मेकवान सिस्टरांनी तेवढं विचारलं,
चहात खारी बुडवता बुडवता. काय ऐकलंस?
माझी चूक झाली, मी म्हणाले.
ते मग. आधी काय ऐकलंस ते लिही.
आणि एक वही पुढे सरकवली,
अर्धी त्यांच्या किराण्याच्या हिशोबाने भरलेली.

सुरसागरच्या कठड्याशी स्कूटर लावून
तूरडाळ अडीच किलोच्या पुढच्या पानावर
मी पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

तेव्हापासून वही चालूच आहे, आताची सातवी.
चूंक: पोटातला पीळ. अनुस्वार विसरायचा नाही,
विसरला की ती माझी होते.
मूंझारो: गभरामणची थोरली बहीण.
सारूं छे: पुरुष म्हणाला तर नाडी बघ,
सून म्हणाली तर सासू बाहेर गेल्यावर पुन्हा विचार.
काही पानांवर शब्दच नाहीत.
खाट सहा, भिंतीकडे तोंड. मी घाईत होते.
खाट सहा, भिंतीकडे तोंड. आजही.

गेल्या वर्षी बढतीच्या फॉर्मात रकाना होता, व्यावसायिक विकास.
कार्यशाळा, तारीख, प्रमाणपत्राचा क्रमांक.
मी दोन कार्यशाळा भरल्या.
एकीतलं जेवण चांगलं होतं.
नगीनभाईंना क्रमांक नव्हता.

काल रात्री खाट चारला कवांटकडची बाई.
पुटपुटली काहीतरी. मी बीपीचा पट्टा गुंडाळत
'हो हो, झोपा आता' म्हणायला तोंड उघडलं,
तेवढ्यात नवी मुलगी, नयना राठवा, दारातून म्हणाली,
सिस्टर, दमले असं नाही म्हणत त्या.

आधी बाईला बसतं केलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना उठवलं.
उजाडताना, सगळं निवल्यावर,
नयनाने तो शब्द मला सांगितला.
मी दोनदा म्हणून पाहिला.
ती हसली. अजून नाही, म्हणाली.

मी वही तिच्यापुढे सरकवली. तूच लिही.
पेनाचं टोपण दातात धरून
ती जरा वेळ कोऱ्या पानाकडे बघत राहिली.

लिहू, पण कुठल्या लिपीत?