पायरी

निघण्याआधी रोज मी यादी वाचते.
गॅस? बंद.
अँटेना? खाली.
कपाटांच्या कड्या? लावल्या.
पायरी? घेतली आत.
डेल्बर्ट आरशात बघत उत्तरं देतो.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं नेब्रास्कात,
मुलं मोजल्याशिवाय ब्रेक सोडला नाही कधी.

आज गिला बेंडच्या पुढे
एक ट्रकवाला मागून भोंगा वाजवत राहिला.
आम्ही हात हलवला,
वाटलं, ओळख दाखवतोय.
थांबून पाहिलं तर पायरी बाहेरच,
खालचं टोक घासून चांदीसारखं लखलखीत,
आणि मागे डांबरावर
दिसेनाशी होईपर्यंत
एक पांढरी रेघ.

तो म्हणाला, मी घेतली होती आत, मार्व्हा.
मी म्हटलं, हो.

सग्वारोची सावली एका माणसापुरती असते.
ती त्याला दिली.
तो हातोडीनं पायरी सरळ करत बसला
आणि समोरचा डोंगर
प्रत्येक ठोका जरा उशिरानं परत करत राहिला.
शेजारच्या गाडीतली विल्मा मक्याचा पाव देऊन गेली,
पाणी पुरेल ना, विचारून गेली.
टाकीचा काटा पाऊण दाखवतो.
गाडी घेतली तेव्हापासून तो पाऊणच दाखवतो.

उद्या युमा.
यादी मी तशीच वाचेन,
सगळी, त्याच आवाजात.
फक्त त्याआधी बूट चढवून
एकदा गाडीभोवती फिरून येईन,
खाली वाकत, मध्येच थांबत,
गारगोट्या वेचतेय असं दाखवत.