अंगठ्याखाली

कपाळावर अंगठा टेकवायचा,
एक, दोन, आणि उचलायचा.
रक्त परत यायच्या आत
जो रंग दिसेल तो खरा.
मला असंच शिकवलं, मीही असंच शिकवते
दर सोमवारी, नव्या रेसिडेंट पोरांना,
ज्यांचे स्वतःचे डोळे जागरणानं लाल.

भालेराव सिस्टर म्हणतात,
"मॅडम, ट्यूबलाइटखाली नका बघू.
खिडकीशी आणा बाळाला.
लक्ष्मी रोडला साडी नाही का बघत
दुकानाच्या दारात येऊन, तसं."
चार वर्षांच्या माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष
जवळजवळ एवढाच आहे.
फक्त त्यात सहाशे बारा टाचा आहेत,
सहाशे बारा थेंब, केसाएवढ्या नळीत चढलेले,
आणि दर थेंबामागे एक रडणं,
जे कुठल्या रकान्यात भरायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

बाळांना नावं नाहीत. बारशी व्हायचीत.
यादीत आयाच सगळ्या:
शेवंता पोकळे यांचं बाळ.
जरीना बागवान यांचं बाळ.
ऊर्मिला कोंढरे यांचं, जुळ्यातलं दुसरं.
डोळ्यांवर पट्टी, निळ्या दिव्याखाली उताणी,
मुठी उघडतात, मिटतात,
काही सापडलं नाही म्हणून पुन्हा उघडतात.
रात्री तीनला गेटवरचा रिक्षावाला विचारतो,
"वरती टीव्ही चालू असतो का हो रात्रभर?"

पाचव्या रात्री सटवाई येते म्हणतात,
कपाळावर लिहून जाते.
हा पिवळाही चढतो त्याच सुमाराला.
एकाच जागेवर बोट आम्हा दोघींचं.
ती लिहिते.
मी दाबून वाचायला बघते,
खोडता येईल तेवढं खोडते.

सहाशे तेरावं बाळ अभ्यासात नाही.
ते सोळा वर्षांपूर्वीचं, सासवडच्या पलीकडचं.
जेजुरीहून आलेल्या कुणीतरी
कपाळभर भंडारा लावलेला.
संध्याकाळची ओपीडी, वीज गेलेली,
इन्व्हर्टरवर एकच दिवा.
मी भंडारा पुसला नाही.
बरं दिसलं नसतं.
गालावरच अंगठा टेकवला, म्हणाले,
"थोडं पिवळं असतंच. कोवळ्या उन्हात धरा."

तीन दिवसांनी आणलं तेव्हा
पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली,
आणि आवाज, तो आवाज
काचेवर नखानं ओढल्यासारखा.
रात्रभर रक्त बदललं, दहा-दहा मिली,
काढायचं, घालायचं, काढायचं.
पहाटे अंगावरचा रंग उतरला.
आत उतरलेला राहिला.

मल्हारी आता सोळाचा.
ऐकू येत नाही.
हात हवेत चाचपडत फिरतात,
कुणीतरी बोलावल्यासारखे.
मला पाहून मात्र हसतो, तोंडभर.
त्याची आई दर फाल्गुनात अंजिरं आणते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, देठाशी चीक आलेली.
"तुम्ही होता म्हणून वाचला, मॅडम."
मी अंजिरं घेते.
सोळा वर्षं मी ती अंजिरं घेते आहे.

परीक्षकाचं पत्र आलंय:
हा विषय का निवडला, एका वाक्यात लिहा.
लिहिलं, "या भागातली माहिती अपुरी आहे."
खोटं नाही ते.

आज सकाळी आठला
सिस्टरनी पडदा सारला.
खिडकीशी कोंढऱ्यांचं दुसरं बाळ,
भुवयांच्या मध्ये हळदीचं बोट.
नवी मुलगी अंगठा पुढे करते.
थांब, म्हटलं.
आधी कपाळ पूस. ओल्या कापसानं.
बाहेर बसलेल्यांपैकी कुणी रागावलं
तरी पूस.
आता टेकव.
एक, दोन.