रिकामा रस्ता विचारणाऱ्यास

तुम्ही विचारता, पणजीच्या आसपास
सायकलला मोकळा रस्ता कुठला?
आधी सांगा, किती वाजता.

पाच दहाला रायबंदरचा जुना बांध माझा असतो.
डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं,
मधून कुणीतरी कधीकाळी ओढून ठेवलेली सरळ रेघ,
आणि तिच्यावर माझा पिवळा दिवा
डायनॅमोवर कुरकुरत पुढे पुढे.
सहा चाळीसला शाळेची पहिली बस.
त्यानंतर तो रस्ता मला ओळख दाखवत नाही.

म्हणून माझ्या वहीत रस्ते कमी, वेळा जास्त.
दुपारी दीड, सांताक्रूझची शेतं (सगळे जेवून आडवे).
फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी मेर्शी.
मतमोजणीच्या सकाळी, कुठेही.

मला हे शिकवलं युफेमियानो कुलासोनं.
फेरीबोटीवर इंजिनापाशी एकतीस वर्षं,
त्यात डावा कान गेला.
मागची गाडी ऐकू येत नाही,
म्हणून तो आयुष्यभर अशाच वाटा हुडकत आला
जिथे मागून काही येणार नाही.
तरी दर वीस पावलांनी वळून बघायचा.
सवय.

दिवाडीला उतरलं की सगळे टेकडीकडे वळतात, तो म्हणाला,
तू सरळ जा, खाजनाच्या बांधावर.
मानशीपाशी सायकल खांद्यावर घ्यायची.
दारं उघडी असली तर पाणी पायांखालून पळतं,
घेरी आली तर झाडाकडे बघ, पाण्याकडे नको.
चाक अलगद टेकव.
बांध मातीचा आहे, आणि आपल्याआधी खेकड्यांचा.
मालारच्या वळणावर कुत्रा आहे.
त्याचं नाव टायगर नाही, उगाच हाक मारायची नाही.
खिशात उंड्याचा तुकडा असू दे.

एक वर्ष मात्र आमची चैन झाली.
बायपास बांधून तयार, पट्टे रंगवलेले, दिवे उभे,
आणि मंत्र्यांना तारीख मिळेना.
तोंडाशी दोन पिंपं आडवी.
त्यांच्यामध्ये एक हँडल जाईल एवढी फट
कुणी ठेवली, आम्ही विचारलं नाही.
चार पदर, आणि आम्ही पाच जण:
दाताची डॉक्टर अन्विता,
पोदेराचा मिंगेल, पाटी घरी उतरवून आलेला,
बँकेतले शिरोडकर, पोट सावरत,
युफेमियानो, मी.
तिसऱ्या लेनमध्ये पाय पसरून
थर्मासातला चहा प्यायलो आम्ही.
दुभाजकाच्या खडीत टिटवीनं अंडी घातली होती, चार.
शिरोडकरांनी भोवती चुन्याचं रिंगण काढलं,
सरकारी वाटावं असं.

एका सकाळी युफेमियानोनं उतारावर दोन्ही हात सोडले.
वय सदुसष्ट, शर्ट फुगलेला.
पूर्ण उतार गेला तो,
एकदाही वळून न बघता.
मी मोजत होते.

मग फीत कापली, अकरा वीसला.
बाराला तो रस्ता पायी ओलांडताही येईना.
पिल्लं तोवर उडाली होती का,
शिरोडकर अजून विचारतात.
मी हो म्हणते.

आता त्याचे गुडघे चालत नाहीत.
सायकल फेरीवर चढवतो, पलीकडे जातो,
उतरत नाही,
तिचं हँडल धरून तसाच परत येतो.
इथे मागून फक्त पाणी येतं, म्हणतो.

तर या तुम्ही. रविवार नको,
रविवारी सगळ्यांनाच मोकळा रस्ता हवा असतो.
पहिल्या फेरीच्या आधी धक्क्यावर.
ब्रेक बघून घ्या, दिवा बघून घ्या.
कठड्याला टेकून एक म्हातारा उभा असेल,
शेजारी हिरवी सायकल, मडगार्डला गंज.
त्याच्या उजव्या बाजूनं जा
आणि घंटी वाजवा.