अर्धं शटर

मला कळलं ते पदेराकडून.
भोंगा न वाजवता सायकल दारात थांबली,
चार उंडे मोजून दिले आणि तो म्हणाला,
"तुमचो घनाबाब गेलो."
तुमचो. जणू आमच्याच घरातला.
मी सुटे पैसे घ्यायला विसरलो.

दहा वाजेपर्यंत म्हापशात
ज्याच्या त्याच्याकडे एक घनश्याम वळवईकर होता.
मासळीवाली शेवंतीण म्हणाली, इसवणाचा भाव
त्यांनी कधी पाडून मागितला नाही,
नोटासुद्धा गुणगुणत मोजायचे.
बँकेतला शिपाई त्यांच्यासोबत फेरीबोटीत होता,
बेतीचा धक्का आला तरी एकच तान चालू होती म्हणे.
मी काही बोललो नाही.
सुतकात इतकं चालतं.

नियम वडिलांचा : मोठं माणूस गेलं की अर्धं शटर.
पूर्ण नको, म्हणायचे, गिऱ्हाइकाचं लग्न थांबत नाही.
दिल्लीत कुणी गेलं तेव्हा अर्धं,
बिशप गेले तेव्हा अर्धं,
आई गेली तेव्हा मात्र दिवसभर सताड उघडं,
ओढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आज इनासने हूक लावून ओढलं,
गुडघ्याच्या जरा वर आणून सोडलं.
आत आम्ही दोघं, ट्यूबलाइटखाली काजं करत,
आणि रस्त्यावर नुसते पाय.

शेजारी नझीरच्या बॅनरच्या मशीनमधून
ते इंचाइंचाने बाहेर येत होते,
आधी केस, मग कपाळ,
मग तो मुंबईत शिवलेला कोट.
डावी बाही अर्धा इंच आखूड!
माझ्या वहीत, पान एकशे बारा :
छाती बेचाळीस, गळा सोळा,
डावा खांदा पाऊण इंच उतरता.
"तंबोऱ्याचं देणं," म्हणाले होते माप देताना.
मुंबईच्या शिंप्याने विचारलं नसणार.

माझ्याकडे आहे त्यांचा एक. काळा, बंद गळ्याचा.
शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत ट्रायलला आले,
आरशासमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले,
पोलिसांनी थांबवल्यासारखे.
"काखेत धरता कामा नये हां, सूर तिथूनच निघतो."
पाचशे आगाऊ दिले. पुढल्या शुक्रवारी नेतो.

अकरा वर्षं.

रेडिओवर लागले की मी पायडल जोरात मारायचो,
ऐकू येऊ नये म्हणून.
आज सकाळपासून मशीनला पाय लावलेला नाही.
त्याला दुःख म्हणायचं का,
मला नक्की सांगता येत नाही.

दोनच्या सुमारास ट्रक आला.
शटरखालून दिसले ते टायर,
टायरच्या खाचेत अडकलेली अबोली,
पोलिसांचे बूट, पांढऱ्या लुगड्यांचे काठ,
एका माणसाचा एकच पाय अनवाणी.
मी शिवलेल्या चार पँटी ओळखल्या,
एकीची पट्टी उसवली होती, सांगायला हवं.
कुणीतरी चालता चालता त्यांचंच पद गात होतं,
कच्चा आवाज, वरच्या षड्जाला पोचलाच नाही.
तरी इनास उठून उभा राहिला
आणि त्याच्या मांडीवरची बटणं
दुकानभर झाली.

स्मारकाचं उद्यापासूनच सुरू होईल.
कोटाचं कुणीतरी सांगेल त्यांना,
बहुतेक मीच.
काचेची पेटी, खाली पाटी, तारीख.
द्यायचा तर अस्तरावरचा पांढरा कच्चा धागा
उसवून काढावा लागेल,
आणि दुसरी ट्रायल झाल्याशिवाय
तो मी कुणाचाच काढत नाही.

सहाला इनास विचारतो, वर करू शटर?
थांब, म्हणतो मी, टेबलाखाली वाकून,
बटणं सापडू देत आधी.