ब जिन्याचं इतिवृत्त

पेर्निक, फेब्रुवारी, संध्याकाळचे सात.
सभा जिन्यातच, कारण कुणाच्या घरी बसायचं
यावर मागच्या सभेत एकमत झालं नव्हतं.
चोवीस घरांपैकी हजर अकरा,
आणि एक, जिचं नाव यादीत नाही.
दिवा दर दोन मिनिटांनी आपोआप विझतो.
मग कुणीतरी कोपरानं बटण दाबतं
आणि चेहरे जिथं थांबले होते तिथून पुन्हा सुरू होतात.

स्टोइमेन, एकेकाळी कोळशाच्या खाणीत वायरमन,
हातात जाड फाइल, पायात घरातल्याच सपाता.
म्हणाला: भिंतींना बाहेरून दहा सेंटीमीटरचं अस्तर,
छतावर चाळीस सौर पॅनेल,
आणि बिल निम्मं.
निम्मं, असं तो दोनदा म्हणाला.
मी एकदाच लिहिलं.

चौदा नंबरचे क्रुमोव म्हणाले, मला गरज नाही.
खरंच नाही.
त्यांनी आपल्यापुरती भिंत बाहेरून मढवून घेतलीय,
पिस्त्याच्या रंगात, त्यांच्या खिडक्यांभोवती,
बोटभरही जास्त नाही.
सतरा नंबरनं जांभळी. आठ नंबरनं अर्धीच, मग पैसे संपले.
रस्त्यावरून आमची इमारत गोधडीसारखी दिसते,
फक्त गोधडीत तुकडे एकमेकांना शिवलेले असतात.

तेवीस नंबरचा मालक वॅलेन्सियाहून संत्र्यांचे ट्रक नेतो.
लॅचेझार. आमच्या भाषेत नावातच किरण.
घराची किल्ली मावशीकडे आहे, सही नाही.
शिक्का मारलेलं संमतिपत्र लागतं, ते तिथल्या वकिलातीतून,
वकिलात उघडी दहा ते बारा,
आणि दहा ते बारा तो फ्रान्समध्ये असतो.

बँकेतल्या बाईनं विचारलं होतं, छत कुणाचं?
सगळ्यांचं, आम्ही म्हणालो.
ती काही बोलली नाही.
पेनाला टोपण लावलं.

वीज कंपनीचं पत्र मी वाचून दाखवलं:
"आपल्या भागातील रोहित्राची क्षमता पूर्ण झाल्यामुळे"
(दिवा गेला. बटण.)
"आपला अर्ज प्रतीक्षायादीत ठेवण्यात येत आहे."
यादी किती लांब, ते पत्रात नाही.
अनुदानाची मुदत मात्र छापलीय, एकतीस मार्च.
अनुदानासाठी आधी जोडणीची परवानगी हवी,
जोडणीसाठी आधी अनुदानाचं मंजुरीपत्र.
स्टोइमेन म्हणाला, जमिनीखाली तीस वर्षं सर्किटं जोडली.
हे एकच असं पाहिलं,
कुठं तुटलेलं नाही, आणि दिवा लागत नाही.
कुणी हसलं नाही. हेही लिहा, क्रुमोव म्हणाले.

एकोणीस नंबरची इस्क्रा, भाडेकरू.
कडेवर झोपलेलं मूल, त्याला घरातही टोपी.
ती जी हवा तापवते
ती भिंतीच्या सांध्यांतून बाहेर जाते.
म्हणून कबुतरं तिच्याच खिडकीला दाटीनं बसतात,
बर्फ तिथंच आधी वितळतो.
बिल ती भरते, भिंत घरमालकाची.
घरमालकही हजर होता, तिच्या दोन पायऱ्या वर.
बिल मला आलं असतं तर विचार केला असता,
असं तो म्हणाला, अगदी प्रेमळपणे.

मतदान: बाजूनं सहा, विरुद्ध चार,
एक जण सिगारेट ओढायला गेला तो आलाच नाही.
हवे होते सोळा.
ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.
पुढची सभा शरदात, हीटिंग सुरू होण्याआधी,
किंवा झाल्यावर.

सगळे गेले तरी इस्क्रा उभीच.
सही कुठं करू, तिनं विचारलं.
भाडेकरूची सही धरत नाहीत, मी सांगितलं.
तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं,
कागद माझ्या हातून घेऊन उलटा केला,
जिन्यातल्या थंड रेडिएटरवर टेकवला.
आडनावाच्या मध्यावर दिवा गेला.
माझा हात बटणाकडे जाईपर्यंत
तिचं लिहून झालं होतं.

इतिवृत्त समाप्त.
सोबत: एक पान, पाठपोट.