घरी कोण

दिवाडीच्या खाजणात मी मानस सांभाळायचो.
भरतीआधी फळ्या बसवायच्या, ओहोटीला उचलायच्या,
खारं पाणी बाहेर, शेताचं शेतात.
काम एवढंच, पण रात्रीबेरात्री.
माझ्याही कमरेत तसल्याच दोन मानशी आहेत
आणि त्यांचं लाकूड कुजत चाललंय,
हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

शालनला अर्धांग झालं त्याला नऊ वर्षं झाली.
खाजण सोडलं. फळ्या आता घरात होत्या:
दर दोन तासांनी उजवी कूस, डावी कूस,
गोळी कुटून द्यायची की विरघळवून,
उरलेल्या तीन शब्दांतला कुठला कशासाठी.
'आगे', 'नाका' आणि, का कोण जाणे, 'फेरी'.
केस मी तिचे कापून टाकले. मला वेणी येत नव्हती.
लोक म्हणत, पुनाजीचं कौतुक आहे.
कौतुक दारापर्यंत यायचं
आणि चप्पल न काढता परत जायचं.

पाय सुजले, मी मोठी चप्पल घेतली.
तोंडाला लोखंडाची चव आली, मी तिरफळांना दोष दिला.
बांबोळीला डॉक्टरने कागद फिरवून आकडा दाखवला.
आठवड्यातून तीनदा, चार चार तास, यंत्रावर.
मग निळ्या साडीतल्या बाईने फॉर्म पुढे ओढला.
"घरी कोण?"
"मी आहे."
"तुम्ही पेशंट. घरी कोण?"
"मी आहे ना," मी पुन्हा म्हणालो,
आणि तिने पेन खाली ठेवलं.

बांधाला खांड पडली की कोणी नाव घेऊन बोलवत नाही.
काळोखातून एक हाक येते आणि माणसं धावतात,
चिखल, पेंढा, बांबू, गोठ्याचं उचकटलेलं दार.
मीही धावलोय, ताटावरून उठून,
कोणाचं शेत ते न विचारता.
पण माणसालाच खांड पडली तर हाक कशी मारायची
हे बापाने शिकवलं नव्हतं.
तीन दिवस मी हाक गिळली.
पाण्यावर बंदी होती, कोरडीच गिळली.

चौथ्या दिवशी कुंपणाशी गेलो एस्कोलास्तिकाला सांगायला,
आणि सांगितलं ते झावळ्यांबद्दल:
तुमच्या बाजूला पडतात, कापायला हव्यात.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"पुनाजी, तुझे पाय बघ. मी काय आंधळी?"

आता मंगळवारी, गुरुवारी ती येते, शनिवारी तिची सून.
एका शनिवारी सून आलीच नाही.
शालन एकटी होती आणि मी नळ्यांना बांधलेला,
घड्याळाकडे बघत.
असंही होतं.
सगुण फेरीचा फळका माझ्यासाठी मिनिटभर खाली ठेवतो
आणि मोटारवाल्यांच्या शिव्या स्वतः खातो.

जाण्याआधी मी वही लिहून ठेवली होती, चौदा पानं.
एस्कोलास्तिका तिच्यात रोमी लिपीत उत्तरं लिहिते,
मी फेरीच्या कठड्याला टेकून अक्षर अक्षर जुळवतो:
भेंडी खाल्ली. तू लिहिलंस, खात नाही. खाते.
नऊ वर्षं!
मला राग आला. खरंच आला.
रात्री झोप लागली, तीही खरीच.

शालनचे केस वाढलेत.
काल घरी आलो तर दोन आखूड शेंड्या, त्यांत अबोली.
मला बघून म्हणाली, "फेरी",
आणि मला अर्थ लागला नाही,
आणि चाललं.

परवा नवा कारकून, नवा फॉर्म. घरी कोण?
नाव तीनदा सांगितलं, शेवटी त्याने पेनच माझ्या हातात दिलं.
नातं?
शेजार, मी म्हटलं.
यादीत नाही म्हणाला. 'इतर'वर खूण केली.
फेरी गाठायची होती. मी वाद घातला नाही.